बांगडीच्या काचेचे साक्षीदार

आमच्या बंगल्याला आता सरकारचं संरक्षण मिळालंय. साधा खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते म्हणे. 'आमचा' म्हणायची माझी खोड काही गेली नाही. खरं बघायला गेलं तर त्यातला एक दगडसुद्धा आमचा नव्हता. फाटकाजवळ पाटी लावलीय. तिच्यावर सरदारांचं घराणं आहे, बांधणीची शैली आहे, नकाशा काढणाऱ्या विलायती इंजिनिअरसाहेबाचं नाव आहे. साहेबानं कागदावर पेन्सिलीनं कमान ओढली, कबूल. पण ती दगडाविटांची उभी कुणी केली? माझ्या आज्ज्यानं केली. त्याचं नाव कुठं नाही. माझा संताप होतो, आणि या वयात संताप झाला की धाप लागते, म्हणून हल्ली मी त्या रस्त्यानं रिक्षा नेऊच देत नाही.

बघायला येणारी माणसं घुमट बघतात, फोटो काढतात आणि जातात. मी सांगते तो बंगला त्यांना दिसणार नाही. काळ्या दगडाचं पुरुषभर उंच जोतं, त्यावर वीट आणि चुना, चारी कोपऱ्यांना छोट्या घुमट्या आणि मधोमध एक मोठा घुमट. समोर पुढं आलेला पोर्च. बाजूला दोन लहान कमानी आणि समोर एक मोठी, इतकी रुंद की दोन बग्ग्या शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात. त्या कमानीच्या डोक्यावर एक दालन होतं, तीन बाजूंनी रंगीत काचांचं. दसऱ्याची स्वारी निघाली की सरदारांच्या घरातल्या बायकांनी काचांआडून बघावी, एवढ्यासाठीच ते बांधलेलं. वर जायला डाव्या भिंतीतून अरुंद दगडी जिना. अब्बा सांगायचे, आज्ज्यानं कमान रचताना मनात धरलं ते दहा-बारा बायका, एक सतरंजी आणि पानाचा डबा, एवढंच वजन. आज त्या जागी सिमेंटचा सपाट स्लॅब आहे. ती कमान का पडली हे सांगायला मी आज बसलेय.

आम्ही मागच्या पागेत राहायचो. घोडे कधीच विकले गेले होते, पण भिंतीतल्या खुंट्या तशाच होत्या आणि त्यांवर अम्माची लुगडी वाळत असायची. आमचं आडनावच गवंडी. आज्ज्यापासून बंगल्याची डागडुजी आमच्याकडं: पावसाळ्याआधी गच्ची बघायची, पन्हळी साफ करायच्या, कुठं गिलावा फुगला असेल तर खरवडून पुन्हा लावायचा. पोर्चच्या कमानीचे सांधेही अब्बांनी खोल उकरून आपल्या चुन्यानं पुन्हा भरलेले. पागेसमोर चुन्याची घाणी होती. गोल चरात दगडी चाक, त्याला एक बैल. ते चाक फिरताना जो घर्र घर्र आवाज यायचा, त्यावरच मी झोपायची आणि त्यावरच उठायची. हौदात विरलेला चुना अब्बा सहा-सहा महिने मुरवायचे. मग घाणीत घालताना त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. गूळ खरवडायचं काम माझं, त्यामुळं माझी बोटं कायम चिकट. घरात आम्ही आमची दखनी आणि मराठी मिसळून बोलायचो, पण अब्बांचा राग निव्वळ मराठीत यायचा, आणि तो पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा.

आरशासारखा गुळगुळीत गिलावा करायचा असला की चुन्यात अंड्यातलं पांढरं घालत. त्या दिवसांत अब्बा तांब्याभर पिवळा बलक घरी आणायचे. अम्मा कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून त्याचे पोळे करायची. पांढरं भिंतीला आणि पिवळं आम्हाला. मी शाळेत मास्तरीण झाले तोवर मला अंड्याचा पोळा मुळात पिवळाधमक असतो असंच वाटायचं. पहिल्यांदा अख्ख्या अंड्याचा पोळा ताटात पडला तेव्हा मी म्हटलं, हे काय, पाणी मिसळलंय की काय यात! बाकी रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, खर्डा आणि शुक्रवारी जमलंच तर बकऱ्याची वजडी. वाईट दिवस होते असं मी म्हणणार नाही.

गच्चीवर चुना आणि विटांच्या खडीचा जाड थर टाकतात, त्याला कोबा म्हणतात. तो टाकला की वीस-पंचवीस बायका रांगेत उकिडव्या बसून लाकडी थापटण्यांनी ठोकायच्या, दिवसच्या दिवस, थापटणं आपणहून उलटं उडायला लागेपर्यंत. त्या बायकांची पुढारी हौसामावशी. आडव्या हाडाची, काळीभोर, कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू, आणि जोतिबाला जाऊन आली की आठ दिवस कानामागं गुलाल. तिचा नवरा एकेकाळचा पैलवान, गुडघा मोडून घरी बसलेला. घर ती चालवायची. ठोकताना ती ओव्या रचायची आणि त्यांत गवंड्यांची, कारकुनांची अशी काही खोड काढायची की खालून माणसं वर बघायची. माझ्या जन्माच्या वेळी अम्माला विषमज्वर झाला. अम्मा शुद्धीवर नव्हती तेव्हा दोन महिने मला हौसामावशीनं आपल्या अंगावर पाजलं. तिचं स्वतःचं मूल त्याच महिन्यात गेलेलं. मला ती 'माझी उसनी लेक' म्हणायची, आणि शाळेतून यायला उशीर झाला तर अम्माच्या आधी तीच फाटकापाशी ओरडत असायची, "कुठं उंडारत हुतीस गं, बये?"

मग संस्थान विलीन झालं. मोठ्यांच्या बोलण्यात तो शब्द सारखा यायचा. मला त्यातलं एवढंच कळलं की सरदारांच्या घरची माणसं सामान बांधून पुण्याला गेली आणि बंगल्यात एक सरकारी कचेरी आली. टेबलं आली, शिपाई आले, आणि आली ती दप्तरं. गाड्या भरभरून. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यावर लोखंडी कपाटं. कुठं ठेवायची? पोर्चवरचं दालन रिकामं होतं, बंद करता येत होतं, उंदीर नव्हते. सगळं तिथं चढवलं. दसऱ्याची स्वारी बघायच्या त्या दालनात छतापर्यंत गठ्ठे रचले आणि रंगीत काचांमधून उजेड यायचा बंद झाला.

वर्षभरात कमानीच्या माथ्याला भेग पडली. केसाएवढी, मग सुतळीएवढी. कमानीवरून ती जिन्याच्या भिंतीत शिरली आणि पायऱ्यांच्या कडेनं वर चढली. अब्बांचं खाण्यावरचं मन उडालं. ते कचेरीच्या ओव्हरसियरसाहेबांकडं गेले. साहेब तरुण, पुण्याकडचे, बोलायला गोड. मी अब्बांची गिलाव्याची थापी धरून मागं उभी होते.

"साहेब, वरचं वझं हलवा. ही कमान बायकांनी बसायसाठी बांधल्याली हाय, दप्तरासाठी न्हवं."

"मिस्त्री, चुन्याच्या घराला भेगा असायच्याच. ही जुनी आहे."

"जुनी न्हाय. वाढतीया."

"वाढते म्हणता, पण पुरावा काय? मी वर काय लिहून कळवू? मिस्त्रींना वाटतंय म्हणून?" साहेब हसले. "पुरावा द्या. त्याच दिवशी दालन रिकामं करवतो. हा माझा शब्द."

अब्बांनी पुरावा मांडला. आमच्या कामात त्याची जुनी रीत आहे. कोबा ठोकणाऱ्या बायकांच्या बांगड्या टिकत नाहीत. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, पण तुकडे पडायचे ते पडायचेच. हौसामावशी ते पदराच्या गाठीत बांधून अब्बांना आणून द्यायची. भेगेच्या दोन्ही काठांवर चुन्याचे दोन ठिपके द्यायचे आणि त्यांवर बांगडीचा तुकडा आडवा बसवायचा, ओढ्यावर पूल टाकावा तसा. काच ताणत नाही. भेग जरा जरी उघडली तरी ती कट्कन मोडते. अब्बा त्यांना साक्षीदार म्हणायचे. असे नऊ साक्षीदार बसवले: दोन कमानीच्या पोटात शिडी लावून आणि सात जिन्याच्या भिंतीवर, खालून वरपर्यंत. साहेबांनी स्वतः येऊन मोजले, डायरीत लिहिले. ठरलं असं, की नवांतला एक जरी मोडला तरी दप्तर हलणार.

रोज शाळेला जायच्या आधी साक्षीदार बघून अब्बांना सांगायचं काम त्यांनी मला दिलं. काय तोरा माझा! वर्गातल्या पोरींना मी सांगायची, अख्खा बंगला माझ्यावर आहे. आणि एका दिवशी त्याच तोऱ्यात मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली येताना माझ्या पाटी-दप्तराची पिशवी भिंतीला घासली आणि तिसरा साक्षीदार मोडला. मी भ्याले आणि काही बोललेच नाही. अब्बांनी दुपारी तो पाहिला आणि धावत साहेबांकडं गेले. साहेब आले, शिपाई आले. त्यांतल्या एका शिपायानं सांगितलं, मिस्त्रींच्याच पोरीनं सकाळी पिशवी घासली, मी बघितलं की. सगळे हसले. साहेब म्हणाले, "मिस्त्री, पोरांच्या खेळावर मी सरकारी दप्तर हलवू? पुन्हा असं झालं तर मी समजेन की तुम्हीच मोडलेत."

अब्बांनी मला सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. आयुष्यात तेवढी एकदाच. नंतर जिन्यावर बसून मोडलेल्या साक्षीदाराच्या जागी नवा लावताना ते म्हणाले, "माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत ऱ्हायली न्हाय, कळलं का? तुझ्या हातनं अजून एक जर मोडला तर मला तोंड दावू नगंस." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी इतकी घाबरले नसते. जिन्यावर खेळायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली. काम मात्र माझ्याकडंच ठेवलं, कारण त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नव्हत्या आणि बहुतेक, पोरीवरचा विश्वास काढून घेणं त्यांना जड गेलं.

पावसाळा सरत आला होता, पण पाऊस ओसरायचं नाव घेत नव्हता. अब्बा पन्हाळ्याला एका पाण्याच्या टाक्याच्या कामावर गेले, पाच-सहा दिवसांसाठी. त्यांच्या माघारी मी आणि शेजारची एक मैत्रीण लपाछपी खेळलो. बाहेर चिखल, मग लपायचं कुठं? मी जिन्याच्या वरच्या वळणावर भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर नेमका तिथला, सातवा, मोडलेला. बरोबर मधून. दोन्ही अर्धे आपापल्या ठिपक्यात बसलेले आणि मधे नखभर फट. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाठीला काही टोचल्याचं मला आठवेना. पण टोचलं नाही असंही खात्रीनं आठवेना. मी तिथं उभी होते, ते खरं. साहेब काय म्हणतील ते मला पाठ होतं. अब्बांचं वाक्यही पाठ होतं. आज वाटतं, अगं मूर्ख पोरी, पाठ लागून मोडला असता तर तुकडा खाली पडला असता, असा जागच्या जागी दुभंगला नसता. गवंड्याच्या लेकीला एवढं कळायला पाहिजे होतं. मी बारा वर्षांची होते. बारा म्हणजे काही लहान नव्हे.

मी हौसामावशीकडं गेले. कोब्याचं काम पावसात बंद, म्हणून ती कचेरीच्या आवारातलं गवत काढायला यायची. "मावशी, हिरव्या बांगडीचा तुकडा दे की."

"कशाला गं?"

"खेळायला."

"हात कापून घेशील, बये," म्हणत तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यातला चांगला लांब, बाकीच्यांसारखाच हिरवागार तुकडा निवडून दिला. हौदातला मूठभर चुना मी चोरला. जुना साक्षीदार खरवडून काढला आणि त्या जागी नवा बसवला. थापी नव्हती, अंगठ्यानं दाबला. पुन्हा पुन्हा बघितलं. पावसानं सगळी भिंतच ओली होती. नवा-जुना फरक कळत नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

अब्बा आले ते तापानं फणफणत. घोंगडं पांघरून पडल्या पडल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोर्चचा. "साक्षीदार काय म्हणत्यात, जैनू?"

"सगळे जाग्यावर हायत, अब्बा."

"मोजलेस?"

"व्हय. नऊच्या नऊ."

"बरं," ते म्हणाले. "उठलो की मी बघतो एकदा." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. ताप दोन दिवस उतरला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीची वेळ. कारकून डबे घेऊन मागच्या पडवीत गेलेले. पाऊस भुरभुरत होता म्हणून हौसामावशी पोर्चखाली बसली आणि फडक्यातली भाकरी सोडली. शाळेला सुट्टी होती. मीही तिच्या शेजारी जाऊन टेकले. तिनं भाकरीचा चतकोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नुसतीच कशी खायची? जा, तुझ्या आईकडनं एक कांदा आण." मी उठले. पागेच्या दारापर्यंत पोचले असेन. मागं काहीतरी सरसरल्यासारखं झालं म्हणून वळून बघितलं, तर कमानीच्या पोटातून चुन्याचं पीठ गळत होतं, बारीक, जात्यातून गळावं तसं. मावशीनं वर बघितलं. डोक्यावर पडलेली पूड झटकली. मला वाटतं तिला हसू आलं होतं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि कमान आली.

आवाजाचं मला काही सांगता येत नाही. नंतर लोक म्हणाले, दोन गल्ल्या पलीकडच्या तालमीपर्यंत ऐकू गेला. मला आठवतं ते दालन कमानीच्या मागोमाग खाली बसलेलं, रंगीत काचा, लोखंडी कपाटं, आणि वरून कागद. पावसात कागद पडत होते, किती तरी वेळ. अब्बा अंगावरच्या घोंगड्यासकट धावत आले आणि हातांनी विटा उपसायला लागले. त्यांना ओढून बाजूला करायला चार माणसं लागली, तरी ते परत आले. दिवस मावळायच्या आत ती सापडली. हात आधी दिसला. त्या हातात एकही बांगडी राहिली नव्हती. अम्मानं माझे डोळे झाकले, पण उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौकशीला मोठे साहेब यायच्या आधी, अब्बा एकटेच जिन्याकडं गेले. जिन्याची भिंत वरच्या वळणापर्यंत उभी होती. मी त्यांच्या मागं गेले. का गेले ते मला ठाऊक नाही. एकेक साक्षीदार ते बोटानं चाचपत होते. सगळे मोडलेले, पण चुन्याचे ठिपके भिंतीला घट्ट, दगडासारखे. सातव्याशी ते थांबले. बोट लावलं तर चुना लोण्यासारखा सुटून हातात आला. आठवडाही न झालेला, ओला. त्यात माझ्या अंगठ्याचा ठसा होता, लहानसा, स्वच्छ. त्यांनी तो उजेडाकडं धरून बघितला. किती वेळ ते सांगत नाही, मला ते आठवायचं नाही. मग काचेचा तुकडा काढून दूर ढिगाऱ्यात फेकला, चुना तळहातावर चुरला आणि पन्हळीच्या पाण्याखाली हात धरला. धुऊन झाल्यावर वळले तेव्हा त्यांना मी दिसले. मला वाटलं, मारतील. मी मनातनं म्हणत होते, मारा.

"घरात जा," ते म्हणाले. "अम्माला पाणी भरू लाग."

मोठे साहेब मागच्या पडवीत खुर्चीवर बसले, ओव्हरसियरसाहेब शेजारी उभे. त्यांचा चेहरा पांढराफटक. अब्बांनी दप्तर हलवायला सांगितलं होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि अब्बा आता ते सांगणार हेही. मोठ्या साहेबांनी डायरी वाचून विचारलं, "नऊ निशाण्या लावल्या होत्या. पडायच्या आधी एखादी मोडली होती का?"

एक शब्द पुरे होता. व्हय साहेब, सातवा मोडला व्हता, माझ्या पोरीनं भिऊन बदलला. एवढं बोलले असते तर भेग वाढत होती हे ठरलं असतं, वजन ठरलं असतं, अब्बा खरे ठरले असते. आणि मीही ठरले असते, जी काय ठरायची ती, साऱ्या कोल्हापुरात, वयाच्या बाराव्या वर्षी. मी खांबाआड उभी होते. अब्बांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

"न्हाय, साहेब. सगळे शाबूत व्हते."

"मग कमान पडली कशानं?"

"चुना माझा कच्चा व्हता."

ओव्हरसियरसाहेबांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. अम्मा पागेच्या दारातून किंचाळली, "खोटं! सहा-सहा महिने मुरवत्यात चुना! का खोटं बोलताय?" अब्बा तिच्याकडं वळून एवढंच म्हणाले, "गप." लिहून घेतलं ते त्यांना वाचून दाखवलं. त्यांना सही येत होती, ती त्यांनी केली.

गवंड्यानं आपला चुना कच्चा म्हटल्यावर त्याच्याकडं राहतं काय? गावात त्यांना कुणी वीट लावू दिली नाही. हौसामावशीचा नवरा लंगडत आमच्या दारात आला. अम्मानं पाट दिला, तो बसला नाही. "मिस्त्री, तुमच्या चुन्यानं माझं घर खाल्लं," एवढंच म्हणाला, आणि अब्बांनी मान खाली घातली. त्या माणसानं शिवी दिली असती, काठी घातली असती तर बरं झालं असतं. तो नुसता रडत परत गेला. महिन्याभरात आम्ही पागा सोडली आणि मामाच्या आधारानं गारगोटीला गेलो. तिथं अब्बा लोकांच्या भिंतींना सफेदी करायचे. पुन्हा कधी त्यांनी दगडावर दगड ठेवला नाही, आणि पुन्हा कधी आमच्या घरात पिवळा पोळा झाला नाही.

मी गप्प राहिले. एक दिवस, एक वर्ष, मग गप्प राहायचीच सवय झाली. अध्यापिका विद्यालयात माझा नंबर लागला तेव्हा जायच्या आदल्या संध्याकाळी मी हिय्या केला. अब्बा जेवायला बसले होते. मी म्हटलं, "अब्बा, त्या पोर्चचं एक सांगायचंय. तो सातवा साक्षीदार..."

"चुना कच्चा व्हता," ते ताटाकडं बघत म्हणाले.

"अब्बा, मला ठाऊक हाय की तुम्ही..."

"जैनू, मी लिहून दिलंय न्हवं? झालं." मग ताट पुढं सरकवून, "भाकरी वाढ."

मी वाढली. चार वर्षांनी ते गेले. मयतीला गारगोटीची माणसं होती, कोल्हापुरातून एकही गवंडी आला नाही.

गेल्या वर्षी एक मुलगी माझा पत्ता काढत घरी आली. पाठीला पिशवी, केस आखूड, बोलायला धीट. जुन्या इमारतींचं शिकलेली. बंगल्याच्या दुरुस्तीचं काम तिच्याकडं होतं. तिनं जुन्या कागदाची नक्कल काढून माझ्यापुढं ठेवली. 'चुना निकृष्ट. एक मजूर स्त्री दगावली.' खाली अब्बांची सही, वळणदार, न थरथरलेली. मग तिनं एका डबीतून चुन्याचं ढेकूळ काढलं. पोर्चच्या जुन्या पायाशी कमानीचे तुकडे पुरलेले होते म्हणे, त्यातलं.

"आजी, आम्ही हा तपासायला दिला होता. फोडायला छिन्नी लागली. एवढा पक्का चुना मी अजून कुठल्या इमारतीत बघितलेला नाही. मग तुमच्या वडिलांनी असं का लिहून दिलं?"

साठ-पासष्ट वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, पोरांनी नाही. ढेकूळ मी हातात घेतलं. मी ओक्साबोक्शी रडले, परक्या पोरीपुढं, लाज सोडून. तिनं पाणी आणून दिलं. डोळे पुसून मी म्हटलं, "माझ्यासाठी."

तिला कळलं नाही. कसं कळणार? तिनं वही उघडली, पेन काढलं आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगता का?"

"सांगते," मी म्हटलं. "पण त्या कागदात ती मजूर स्त्री आहे ना, तिला नाव होतं. आधी ते लिही. हौसाबाई."